‘आपला रस्ता फेरीवालामुक्त’ करायला निघालेल्या मेसेजला उत्तर

मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. थोडक्यात त्यातलं म्हणणं असं: २०१४ चा कायदा फक्त फेरीवाल्यांचे लाड करायला केला, त्यात रहिवाशांना काडीची जागा नाही. समितीत बहुमत फेरीवाल्यांचंच. मुंबईत परवानाधारक जेमतेम १५ हजार, बाकी सगळे बेकायदा. त्यात अडीच टक्क्यांच्या नावाखाली आणखी तीन लाख आणून बसवणार. रहिवाशांना कधी कोणी विचारलंच नाही. स्थानकं, शाळा, रुग्णालयं यांच्याजवळ तर धंद्याला मनाईच आहे. तेव्हा प्रत्येक सोसायटीने ठराव करून आपला रस्ता ‘ना-फेरीवाला क्षेत्र’ जाहीर करावा, तशी पाटी लावावी आणि जो बसेल त्याला उठवावं.

मेसेजमागचा राग समजण्यासारखा आहे. गुडघे दुखणारी आजी फूटपाथ सोडून बसच्या अंगावर चालत जाते तेव्हा तिला कायद्याची कलमं सांगून उपयोग नसतो. पण या मेसेजनुसार वागलं तर आजीला फूटपाथ मिळणार नाही, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला पोलीस ठाण्याचा रस्ता मात्र दिसेल.

पहिला दावा, कायद्यात रहिवाशांना जागा नसल्याचा. कायद्याचं नाव ‘पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४’. नावात संरक्षण आहे तसंच विनियमनही आहे, हे मेसेज लिहिणाऱ्याने वाचलेलं दिसत नाही. कलम २२ नुसार प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती नेमायची असते. तिच्यात कोणाला घ्यायचं याच्या यादीत महापालिका, नियोजन प्राधिकरण, वाहतूक पोलीस, पोलीस, व्यापारी संघटना आणि बँका यांच्या जोडीला रहिवासी कल्याण संघांचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. शिवाय स्वयंसेवी आणि लोकाधारित संस्थांचे प्रतिनिधी किमान दहा टक्के असावेत असं बंधन आहे. फेरीवाला क्षेत्र कुठे असावं, तिथे किती जण मावतील, वेळा कोणत्या, या सगळ्याच्या शिफारशी हीच समिती करते. म्हणजे दार आहे, त्यावर आपली पाटीही आहे. आत कोण बसलंय याची चौकशी किती सोसायट्यांनी केली, हा प्रश्न वेगळा.

कायद्याच्या आधीही मुंबईतले नागरिक गप्प बसलेले नव्हते. १९९० च्या दशकाच्या शेवटी ‘सिटीस्पेस’सारखा नागरिकांचा मंच या प्रश्नावर कोर्टात उतरला. फेरीवाला संघटना तर १९८० च्या दशकापासूनच कोर्टात होत्या. मुंबईतली फेरीवाला क्षेत्रं, अंतराचे नियम, जागेचं माप, हे सगळं या तीन बाजूंच्या ओढाताणीतून आलेलं आहे: पालिका, फेरीवाले आणि रहिवासी.

समितीतल्या बहुमताबद्दल फार लिहायची गरज नाही. कायदा म्हणतो फेरीवाल्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी किमान ४० टक्के. मुंबईत २० जणांच्या समितीत ते ८ होतात. अध्यक्ष महापालिका आयुक्त. वीसात आठ म्हणजे बहुमत हे कुठलं गणित?

१५ हजारांच्या आकड्यावर मात्र थांबायला हवं, कारण सगळा मेसेज याच खुंटीवर टांगलेला आहे. आकडा परवान्यांपुरता साधारण बरोबर आहे. पण महापालिकेने नवे परवाने देणं १९७८ च्या सुमारास थांबवलं, हे मेसेजमध्ये नाही. त्यानंतर मुंबईची वस्ती वाढली, उपनगरं विरारच्या दिशेने सरकत गेली, गिरण्या बंद पडल्या आणि कामगारांच्या घरातलं कोणी ना कोणी टोपली घेऊन रस्त्यावर बसलं. परवान्याची खिडकीच बंद असेल तर रांगेत उभा राहणारा बेकायदा ठरणारच. गंमत म्हणजे याच ‘बेकायदा’ लोकांकडून पालिका बरीच वर्षं रीतसर पावती फाडून रोजचे पैसे घेत होती. त्या पावतीवर शुल्काचं कारण लिहिलेलं असे अनधिकृत वापर आणि कचरा उचलणं. हातात पालिकेची पावती आणि तरीही बेकायदा! ही पावती पुढे बंद झाली. पैसे जायचे थांबले का, हे कोणत्याही भाजीवालीला विचारा.

किती जण आहेत याचा अंदाज घ्यायला १९९८ मध्ये पालिकेनेच टाटा समाजविज्ञान संस्था आणि युवा या संस्थेकडून मोजणी करून घेतली. पालिकेच्या जागांवर १ लाख २ हजारांच्या आसपास फेरीवाले आढळले. २०१४ मध्ये पालिकेने अर्ज मागवले तेव्हा सुमारे ९९ हजार आले, आणि सुरुवातीच्या छाननीत त्यांतले १५ हजारांच्या आसपासच पात्र ठरले. कागदपत्रांत अनेकांचं घोडं अडलं ते अधिवास दाखल्यापाशी. ही अट संसदेच्या कायद्यात शोधून सापडणार नाही, ती राज्याच्या पातळीवर आली. कायद्याची मुख्य मागणी इतकीच: धंदा स्वतः किंवा घरच्यांनी करावा, उपजीविकेचं दुसरं साधन नसावं, या कायद्याखाली मिळणारं पथविक्रीचं प्रमाणपत्र भाड्याने देऊ नये. समितीवरच्या प्रतिनिधींची निवडणूक मुंबईत झाली ती थेट २९ ऑगस्ट २०२४ ला. मतदार यादीत नावं ३२,४१५.

मोजणी अर्धवट राहिली तर खरा तोटा रहिवाशांचा होतो. ज्याची नोंदच नाही त्याला तुम्ही कोणता नियम लावणार? प्रमाणपत्र असेल तर अटी मोडल्या म्हणून ते निलंबित किंवा रद्द करता येतं. ज्याच्याकडे ते नाही त्याचं काय रद्द करणार? शिवाय पाच-सहा जागा अडवून त्या भाड्याने चालवणारा दादा आणि स्वतः पहाटे भाजी आणून विकणारी बाई यांच्यात फरक करायचा एकमेव मार्ग म्हणजे नोंद. फेरीवाल्यांची मोजणी नीट व्हावी यासाठी सगळ्यात जास्त आरडाओरडा खरं तर सोसायट्यांनी करायला हवा.

आता अडीच टक्के. कलम ३ म्हणतं की पाहणीत सापडलेल्या सध्याच्या सर्व विक्रेत्यांना आराखड्यात सामावून घ्यावं, आणि ते प्रभाग, विभाग किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या मर्यादेत असावं. २०११ च्या जनगणनेची १ कोटी २४ लाख लोकसंख्या धरली तर मर्यादा ३ लाख ११ हजारांवर जाते. मेसेजवाल्याने हा आकडा भरतीची जाहिरात असल्यासारखा वाचला. ती वरची मर्यादा आहे. एखाद्या क्षेत्राच्या क्षमतेपेक्षा विक्रेते जास्त निघाले तर सोडत काढायची आणि उरलेल्यांना शेजारच्या क्षेत्रात जागा द्यायची, हेही त्याच कायद्यात आहे. ती क्षमता समितीच्या शिफारशीने ठरते, आणि समितीत रहिवासी आहेत.

ठराव आणि पाटी हा मेसेजचा कळस. सोसायटीचा ठराव सोसायटीच्या कुंपणात चालतो. फूटपाथ महापालिकेचा. ना-फेरीवाला क्षेत्र ठरवायचं काम पालिकेचं, तेही समितीच्या शिफारशीने, आणि कशाच्या आधारावर ठरवू नये हे पहिल्या अनुसूचीत सांगितलेलं आहे. नैसर्गिक बाजार, म्हणजे जिथे वर्षानुवर्षं विकणारे आणि घेणारे जमतात ती जागा, पाहणीत नोंदली गेली असेल तर ती ना-फेरीवाला क्षेत्र करता येत नाही. गर्दी आहे एवढंच कारण पुरत नाही. फार तर पाहणीत नसलेल्या नव्या विक्रेत्यांना तिथे प्रमाणपत्र देण्यावर निर्बंध आणता येतात. अस्वच्छतेचं कारण द्यायचं तर ती घाण केवळ फेरीवाल्यांमुळेच होते आणि पालिकेने आपलं काम करूनही ती सुटत नाही, हे दाखवावं लागतं. ज्या रस्त्यावर कचऱ्याची पेटीच नाही तिथे हे कोण दाखवणार?

मेसेजमधली एक ओळ मात्र खरी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. रेल्वे स्थानक आणि पालिकेच्या मंडईपासून १५० मीटर, तर शाळा, रुग्णालयं आणि प्रार्थनास्थळांपासून १०० मीटरच्या आत फेरीचा धंदा नको, ही मनाई सर्वोच्च न्यायालयाच्या महाराष्ट्र एकता हॉकर्स युनियन प्रकरणातून आली. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड रेल्वे स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला, स्थानकांबाहेर राजकीय पक्षांची आंदोलनं झाली, आणि १ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने ही मनाई कायम ठेवली. स्थानकाच्या तोंडाशी वाट मोकळी मागणारा रहिवासी कायद्याच्याच बाजूने बोलतो आहे. मात्र ती वाट मोकळी करून देण्याचं काम पालिकेचं आणि पोलिसांचं आहे. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी गाडे उलटवायचे आणि सोसायटीने टाळ्या वाजवायच्या, हे त्या निकालात कुठेही लिहिलेलं नाही.

‘उठवा’ या सल्ल्याचं नेमकं काय होतं ते कोणत्याही गजबजलेल्या रस्त्यावर तासभर उभं राहिलं की दिसतं. नाक्यावरून कोणीतरी शीळ घालतं, ‘गाडी आली’, म्हणजे पालिकेची माल उचलणारी. ताडपत्रीची चार टोकं एका झटक्यात वर येतात, मालाचं गाठोडं होतं आणि जिन्याखाली, मेडिकलच्या शटरमागे, रिक्षाच्या मागच्या सीटवर नाहीसं होतं. ज्याला पळता येत नाही, म्हणजे बहुतेकदा म्हातारी भाजीवाली किंवा जड हातगाडीवाला, त्याचा माल गाडीत जातो. अर्ध्या तासात ताडपत्र्या पुन्हा अंथरलेल्या असतात. कायदा सांगतो की हटवण्याआधी ३० दिवसांची नोटीस द्यावी, जप्त मालाची यादी करून तिची प्रत द्यावी, नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत करावा आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. यादी कोणी करताना दिसलं तर मला जरूर कळवा. या पकडापकडीने फूटपाथ मोकळा होत नाही. बसण्याची किंमत फक्त वाढते, आणि ती किंमत कोणाच्या खिशात जाते याला मुंबईत हप्ता हा सर्वमान्य शब्द आहे.

राहिला ‘रहिवाशांना कोणी विचारत नाही’ हा दावा. मला सगळ्यात जास्त खटकतो तो हाच. २०१८ च्या सुरुवातीला पालिकेने शहरभरातल्या रस्त्यांवर फेरीवाल्यांसाठी आखायच्या सुमारे ८५ हजार जागांची यादी जाहीर केली आणि हरकती-सूचना मागवल्या. हरकतींचा पाऊस पडला. रहिवासी संघ, नगरसेवक, सगळ्या पक्षांचे नेते, सगळ्यांचा सूर एकच: फेरीवाला क्षेत्र हवं, पण आमच्या रस्त्यावर नको. एकेकटी हरकत वाचली तर बरीचशी रास्त वाटेल. इथे शाळा आहे, इथे रुग्णवाहिका वळते, इथे फूटपाथच चार फुटांचा. पण सगळ्या एकत्र ठेवल्या की शहरात रस्ताच उरत नाही. यादी आक्रसत गेली आणि जागा ३० हजारांच्या घरात आल्या.

फेरीवाले काही आक्रसले नाहीत. ज्या रस्त्याचं नाव यादीतून कापलं गेलं त्या रस्त्यावर ते आजही बसतात, फक्त आखलेल्या चौकोनाशिवाय, वेळेशिवाय, क्रमांकाशिवाय. रहिवाशांना विचारलं होतं. त्यांनी ‘नाही’ म्हटलं आणि त्या ‘नाही’ची फळं चाखतोय आपण सगळेच. आखणीला विरोध केला की फेरीवाला जातो, हा समज इतका घट्ट बसलाय की इतक्या वर्षांचा उलटा अनुभवही तो हलवू शकत नाही.

हरकत घेण्याजोगं खूप काही आहे, ते मी नाकारत नाही. पण ती मापाची असावी. १९८५ साली बॉम्बे हॉकर्स युनियन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एका फेरीवाल्यासाठी एक मीटर बाय एक मीटरची जागा सांगितली. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या निर्देशांनुसार पादचाऱ्यांसाठी किमान १.८ मीटरची पट्टी निर्वेध हवी. या दोन मापांवर सोसायटीतले चार निवृत्त काका मोजपट्टी घेऊन आपला अख्खा रस्ता एका सकाळी मोजू शकतात. मोजताना आणखीही दिसेल: हिरव्या पेट्यांसारखे विजेचे बॉक्स, दुकानदारांनी पुढे ओढलेल्या पायऱ्या, आडव्या लावलेल्या बाईक. यातलं फेरीवाल्यांचं किती आणि आपलं स्वतःचं किती, हे कागदावर आलं की ‘इथे नको’ ऐवजी ‘इथे डाव्या बाजूला बारा जण, झाडाच्या आळ्यापलीकडे, वळणावर कोणी नाही’ असं लिहून देता येतं. समितीला शिफारस करायची तर असंच काहीतरी समोर लागतं.

आणि समिती कामच करत नसेल तर? बहुतेकदा नसते, यात शंका नाही. त्यासाठी कलम २६ आहे. समितीने प्रमाणपत्र देण्याची कालमर्यादा सांगणारी सनद प्रसिद्ध करायची असते, नोंदणीकृत विक्रेत्यांच्या नोंदी अद्ययावत ठेवायच्या असतात आणि आपल्या कामाचं सामाजिक लेखापरीक्षण करायचं असतं. मुंबईत एक शिखर समिती आहे आणि सात परिमंडळांच्या सात. तुमच्या परिमंडळाच्या समितीत रहिवाशांच्या वतीने कोणाचं नाव आहे, शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्त कुठे आहे, लेखापरीक्षण झालं का, हे माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येतं. पाटी रंगवायला त्याहून जास्त खर्च येईल.