काकू, तुमच्यासाठी फॅट-फ्री

भिशीला सॅलड मी आणते, असं मी का म्हणाले हे मला अजून कळलेलं नाही. बाकीच्यांनी दाबेली, पावभाजी, गुलाबजाम आधीच वाटून घेतले होते आणि माझ्यापर्यंत येईस्तोवर सॅलडच उरलं होतं. तर परवा शनिवारी संध्याकाळी कोथरूडमधल्या एका मोठ्या दुकानात मी ड्रेसिंगच्या रॅकसमोर उभी होते. हात पुढे केला होता, बाटलीला लागलाही नव्हता, तेवढ्यात दुकानाचा टी-शर्ट घातलेली एक मुलगी कुठूनशी आली. वय फार तर एकवीस. तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे तोंडाकडे नाही. तोंडाच्या खाली साधारण दीड फुटावर पाहिलं, मी घेणार होते ती बाटली मागे सारली आणि शेजारची काढून माझ्या हातात ठेवली.

"काकू, तुमच्यासाठी ही. फॅट-फ्री."

'काकू' मी पचवलं असतं. रिक्षावाल्यांनी त्याची सवय लावली आहे. पण 'तुमच्यासाठी'? मी काही विचारलं होतं का? माझ्या तब्येतीबद्दल आमची काही बोलणी झाली होती का? (खरं सांगायचं तर ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, थोडे वर आहेत. पण ते कळायला मला उपाशीपोटी लॅबमध्ये जावं लागलं, साडेसातशे रुपये मोजावे लागले. हिनं नुसतं बघून सांगितलं.)

मला उत्तरं वेळेवर सुचत नाहीत. ती रात्री साडेअकराला सुचतात, गादीवर पडल्यावर. त्या रात्री तीन सुचली आणि तिन्ही इतकी झणझणीत होती की झोप उडाली. पण दुकानात मी काय म्हणाले असेन? "थँक्यू" म्हणाले.

ती गेली. माझ्या शेजारी एक गृहस्थ उभे होते, पोट माझ्या दुप्पट, हातात चीज स्प्रेडचा मोठा डबा. त्यांच्यापाशी थांबून ती म्हणाली, "सर, यावर ऑफर आहे." त्यांना सर आणि ऑफर, मला काकू आणि फॅट-फ्री. तिथं माझं डोकं फिरलं. म्हटलं, 'माझी' बाटली आणि 'इतरांची' बाटली यात नेमका फरक काय, ते बघितल्याशिवाय इथून हलायचं नाही.

मी दोन्ही बाटल्या घेऊन उलट्या केल्या. पुढच्या बाजूला 'फॅट-फ्री' ही अक्षरं माझ्या अंगठ्याएवढी होती. मागे, आत काय काय घातलंय ते लिहिलेली अक्षरं खसखशीएवढी. त्यात बाटली गोल, त्यावर वरच्या ट्यूबलाइटची तिरीप. चष्मा घरी. मोबाइलनं फोटो काढून मोठा करून पाहिला तर माझ्याच अंगठ्याचा फोटो आला होता.

"द्या इकडे," मागून आवाज आला.

सत्त्याहत्तर वर्षांचे असावेत. वयाच्या मानानं आजोबाच म्हणायला हवं होतं, पण मी नुकताच 'काकू'चा मार खाल्लेला, दुसऱ्याला कशाला द्या, म्हणून काका म्हटलं. पांढरा बुशशर्ट, खिशाला तीन पेनं आणि गळ्यात काळ्या दोरीला चक्क भिंग. लोक ऑफिसचं ओळखपत्र अडकवतात तसं.

"वजनमापे खातं," काका म्हणाले. "३३ वर्षं. निवृत्त होऊन १९ झाली."

निवृत्तीचा कागद खात्यानं काढला असेल. काकांनी तो घेतलेला दिसत नव्हता.

"डाव्या हातात रेग्युलर धरा. उजव्या हातात ती दुसरी. थोडं वर. आता हलू नका."

मी हलले नाही. का हलले नाही, ते विचारू नका. एका डोळ्यावर भिंग, दुसरा डोळा गच्च मिटलेला, अशा अवस्थेत काकांनी माझा डावा हात वाचायला घेतला.

"सोयाबीन तेल. पाणी. साखर. व्हिनेगर. मीठ. मोहरीची पूड. पहिलं नाव कुणाचं आलं?"

"तेलाचं."

"म्हणजे काय?"

मला चौथीच्या वर्गात उभं केल्यासारखं झालं. मी म्हटलं, तेल महत्त्वाचं आहे.

"महत्त्वाचं नाही, जास्त आहे! घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे, असा नियम आहे. लग्नपत्रिका आहे का ही, मान बघून नावं घालायला?" माझं अज्ञान त्यांनी पोटात घातलं आणि उजव्या हाताकडे वळले. "आता ही. पाणी." ते थांबले. भिंग पुसलं. पुन्हा लावलं. "पाणीच आहे. मग साखर. मग स्टार्च, १४२२. व्हिनेगर. मीठ. ४१५. ३३०. २११. २०२..."

आवाज खात्यात कमावलेला होता. आकडे, म्हणजे आत घातलेल्या पदार्थांचे ठरलेले नंबर, तीन रॅक ओलांडून पलीकडे जात होते. एक शाळकरी मुलगा आईचा हात सोडवून आला, काही वेळ ऐकत उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "फर्स्ट लाइन!" आईनं त्याला ओढून नेलं, पण ती स्वतः कॉर्नफ्लेक्सपाशी रेंगाळली. हाउजी चाललीय असं वाटून की काय, आणखी दोघी थांबल्या. मी मधोमध, दोन्ही हात वर, दोन बाटल्या.

"तेल काढून घेतलं ना ताई, की पाणी पानावर टिकत नाही," काका म्हणाले. "निथळून बशीत जातं. मग त्याला धरून ठेवायला १४२२. म्हणजे खळच म्हणा. आणि खळीला मदतीला गोंद."

"गोंद?"

"४१५. झँथन गम." इथं काकांनी आवाज इतका खाली आणला की कुणाच्या सुनेबद्दल बोलतायत असं वाटावं. "कोबीवर काळी कूज पडते, माहिती आहे? त्या रोगाचा जंतू आहे, झँथोमोनस नावाचा. त्याला साखर खायला घालतात. तो बुळबुळीत पदार्थ सोडतो. तो वेगळा काढायचा, वाळवायचा, दळायचा. झाला गम. अमेरिकेच्या शेतीखात्याच्या प्रयोगशाळेत शोधला."

माझ्या ट्रॉलीत एक अख्खा कोबी होता. आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. ज्या रोगानं कोबीला मारायचं, त्याच्याच चिकाची चटणी करून कोबीवर ओतायची. कोबीनं कुणाचं काय वाकडं केलं होतं?

"अपाय काही नाही हो," काका घाईनं म्हणाले. "खुशाल खा. तुमच्या डाव्या हातातही आहे, शेवटून तिसरा. मी आपली ओळख करून दिली."

मग पौष्टिकतेचा तक्ता. हे वाचन अधिक संथ झालं, कारण काकांनी खिशातून डायरी काढली आणि आकडे उतरवून घेतले. १०० ग्रॅममागे रेग्युलर ४२६ कॅलरी, फॅट-फ्री १२७. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून कमी. हे मान्य करणं भाग होतं. मलाही ते आवडलं नाही आणि काकांनाही आवडलेलं दिसलं नाही. त्यांनी लगेच पुढची ओळ गाठली. फॅट एकीकडे ४२ ग्रॅम, दुसरीकडे ०.३.

"०.३? मग फ्री कसली?"

"१०० ग्रॅमला अर्ध्या ग्रॅमपर्यंत चालतं. २०१८ चे नियम. आमच्या वेळी शून्याला शून्य म्हणायचे." आणि मग त्यांनी विजयी मुद्रेनं पेन आपटलं. "साखर! तुमच्या डाव्या हातात ५. उजव्या हातात २४!"

काकांनी तिथंच गणित केलं. सॅलडवर दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० ग्रॅम. त्यात सव्वासात ग्रॅम साखर. म्हणजे चहाचा दीड चमचा.

मी चहातली साखर २०१९ साली सोडली. पहिले सहा महिने मी घरात कुणाशी सरळ बोलत नव्हते, नवऱ्याला विचारा. आणि ती साखर माघारी येऊन कोबीवर बसली, तेही 'हेल्दी' अशी पाटी लावलेल्या रॅकवर.

"साखर का घालतात?" मी विचारलं. आता माझा आवाजही तीन रॅक ओलांडून जायला लागला होता.

"तेल गेलं की चव गेली. मग साखर वाढवा, मीठ वाढवा. सोडियम बघा, ७०० चं १०५० झालंय. आणि किंमत?"

किंमत मी वाचली, ती वाचायला भिंग लागत नाही. रेग्युलर १६५. फॅट-फ्री १९५. दोन्ही ३०० ग्रॅम.

"म्हणजे तेल काढलं, पाणी ओतलं आणि वर ३० रुपये लावले," काका म्हणाले. "दूधवाल्यानं पाणी घातलं की आपण त्याला चोर म्हणतो."

मला हसू आलं पण ते टिकलं नाही. कारण हे सगळं कळायला मला काय लागलं? एक निवृत्त निरीक्षक, एक भिंग आणि वीस मिनिटं. ज्या माणसाला मधुमेह आहे, चष्मा आहे आणि घाई आहे, त्यानं काय करायचं? त्याला पुढची अंगठ्याएवढी अक्षरं दिसणार, आणि तो साखरेची बाटली औषधासारखी घेऊन जाणार. ती मुलगी तरी काय करणार म्हणा. तिला सांगितलं असेल, जाड बाई दिसली की ही बाटली द्या. महिन्याचं टार्गेट असेल. हे मला कळतं. कळलं म्हणून राग गेला असं मात्र नाही.

तेवढ्यात काकांच्या घरचे शोधत आले. म्हणजे त्यांची बायको. "अहो, झालं का वाचून?" मग माझ्याकडे बघून, "तुम्हाला धरलं होय? मागच्या शनिवारी टूथपेस्टपाशी एकाला पाऊण तास उभं केलं होतं." त्यांच्या बास्केटमध्ये बाकरवडीची दोन पाकिटं, खारी आणि श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा डबा होता.

"काका, हे वाचलंत का?" मी विचारलं.

काकांनी भिंग शर्टाच्या आत टाकलं. "काही गोष्टी विश्वासावर घ्यायच्या असतात," म्हणाले, आणि निघाले.

मी फॅट-फ्रीची बाटली रॅकवर परत ठेवली. जरा आवाज करूनच ठेवली, त्या मुलीला ऐकू जाईल इतका. रेग्युलर घेतली आणि मान ताठ ठेवून बिलाच्या रांगेत उभी राहिले. काउंटरवरच्या मुलानं बाटलीवर मशीन फिरवलं, स्क्रीनकडे पाहिलं आणि उठून अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असा ओरडला, "ए, काकूंची फॅट-फ्री राहिली बघ!"

"मला नको आहे ती."

"ऑफर आहे, काकू. रेग्युलरवर फॅट-फ्री फ्री."

ती पळत आली. तीच. बाटली माझ्या पिशवीत घातली आणि गोड हसली. "मी म्हटलंच होतं ना, काकू!"

रात्री ती तीन उत्तरं सुचली तेव्हा झोप येईना म्हणून मोबाइल उघडला आणि भलतंच वाचत बसले. अमेरिकेत आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. माणसांना पालक, लेट्यूस, टोमॅटो, गाजर असं सॅलड खायला घातलं. ड्रेसिंग एकदा बिनतेलाचं, एकदा ६ ग्रॅम तेलाचं, एकदा २८ ग्रॅम तेलाचं. मग रक्त तपासलं. बिनतेलाच्या खेपेला गाजरातलं बीटा कॅरोटीन (शरीर त्याचं 'अ' जीवनसत्त्व करतं) आणि त्याची भावंडं रक्तात जवळपास उतरलीच नव्हती, कारण त्यांना आत शिरायला तेल लागतं. म्हणजे गाजर खायचं, चावायचं, आणि त्यातलं जे हवं ते आल्या वाटेनं सोडून द्यायचं.

माझी आई गाजराच्या कोशिंबिरीवर हिंग-मोहरीची फोडणी ओतायची आणि वर दाण्याचं कूट, म्हणजे पुन्हा तेलच. तिला कॅरोटीन माहीत होतं असं मी म्हणणार नाही, हल्ली सगळ्यांच्या आयांना सगळं माहीत असल्याचं सांगायची पद्धत आहे. फोडणी नसली की वडील ताट पुढे सरकवायचे, म्हणून ती फोडणी घालायची. फोडणीला एक चमचा तेल. त्याला फॅट-फ्री म्हणायची हिंमत कुणी केली नसती, आणि केली असती तर तिनं कढल्यासकट दाखवलं असतं.

भिशीत माझं सॅलड तसंच राहिलं. बायकांनी दाबेल्या खाल्ल्या, मीही दोन खाल्ल्या. फॅट-फ्रीची बाटली फ्रिजच्या दारात उभी आहे, मुदत संपायला अकरा दिवस उरलेत. फुकट का मिळाली ते घरी आल्यावर कळलं. टाकवत नाही, कारण काही झालं तरी १९५ रुपयांची आहे. काल पाऊस होता म्हणून कांदाभजी केली. नवऱ्यानं फ्रिज उघडला, बाटली काढली, बशीत भली मोठी धार सोडली आणि भजी बुडवून बुडवून खाल्ली.

"चांगली आहे की," म्हणाला. "गोड आहे."