‘चाळिशीनंतर गोल्फच्या नादी लागू नका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

‘चाळिशी उलटल्यावर गोल्फच्या नादी लागू नका’ असा एक मजकूर सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. त्यात म्हटलंय की स्विंग (क्लब, म्हणजे गोल्फची काठी, फिरवून चेंडू मारण्याची हालचाल) लहानपणीच अंगात भिनतो, चाळिशीतली कंबर वळत नाही, चेंडू लांब जात नाही म्हणून मजा येत नाही, पिशवीभर सामान घ्यावं लागतं, चालणं हा काही व्यायाम नव्हे आणि नवशिक्यामुळे मागच्यांचा खोळंबा होतो. असलं काही वाचून शिकायची इच्छा असलेली माणसं गप्प बसतात, याचं मला वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ या.

‘स्विंग लहानपणीच बसतो’

लहानपणी सुरुवात करणाऱ्याला फायदा होतो, हे खरंच आहे. पण त्यावरून ‘नंतर येतच नाही’ असं ठरत नाही. झुरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी ४० ते ६० वयाच्या नवशिक्यांकडून ४० तास गोल्फचा सराव करून घेतला आणि आधी व नंतर त्यांच्या मेंदूचे एमआरआय काढले. हालचालींशी संबंधित भागांतलं ग्रे मॅटर (मेंदूतला चेतापेशींचा करडा भाग) वाढलेलं दिसलं. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. गट लहान होता, त्यामुळे त्यातून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण या वयात मेंदू नवी हालचाल आत्मसात करत नाही, हा दावा तिथे टिकत नाही.

दुसरं उदाहरण अमेरिकेतले हौशी गोल्फर वॉल्टर ट्रॅव्हिस यांचं. त्यांनी पहिल्यांदा क्लब हातात घेतला तो १८९६ मध्ये, पस्तिशीच्या तोंडावर. चारच वर्षांत, १९०० साली, ते अमेरिकेची हौशी स्पर्धा जिंकले, पुढे १९०१ आणि १९०३ मध्येही. असं सगळ्यांना जमत नाही, हे सांगायला नकोच. पण उशिरा शिकलेला स्विंग किती पक्का होऊ शकतो, हे त्यातून दिसतं.

मोठ्या माणसाकडे आणखी एक जमेची बाजू असते, ती म्हणजे कारण समजून घेण्याची. नवशिका चेंडू हवेत जावा म्हणून तो उचलायला जातो. वजन मागच्या पायावर राहतं आणि क्लब एकतर चेंडूच्या आधी जमिनीत घुसतो, नाहीतर चेंडूच्या डोक्यावर घासून तो सरपटत जातो. आयर्नचा, म्हणजे धातूच्या पातळ पात्याच्या क्लबचा, मुखभाग (चेंडूला लागणारी बाजू) मुळातच तिरपा असतो. वजन पुढच्या पायावर आणून चेंडूवर खालच्या दिशेने मारलं, तर वर उचलायचं काम तो तिरपेपणाच करतो. हे एकदा पटलं की हात चेंडू उचलायची धडपड सोडू लागतात.

‘कंबर वळत नाही’

या मुद्द्यात तथ्य आहे. हौशी गोल्फर्सच्या दुखण्यांत कंबर वरच्या क्रमांकावर असते, कोपरही दुखतं. पण बहुतेक वेळा घात होतो तो घाईने. थेट ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब) उचलायचा, अंग न तापवता रेंजवर (सरावाच्या मैदानावर) चेंडूंच्या बादल्याच्या बादल्या रिकाम्या करायच्या, त्याही कडक मॅटवर, मग कंबर बोलणारच. अर्ध्या स्विंगने सुरुवात करावी, वळणं नितंबांतून आणि छातीच्या मणक्यातून यावं, थकवा आला की थांबावं. पाठीचं किंवा हृदयाचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं. हे पाळून खेळणारी साठी-सत्तरीतली माणसं कुठल्याही कोर्सवर दिसतात. २००९ च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत अमेरिकी गोल्फर टॉम वॉटसन ५९ व्या वर्षी प्लेऑफपर्यंत, म्हणजे बरोबरीनंतरच्या निर्णायक लढतीपर्यंत, पोचले होते.

‘चेंडू लांब जात नाही, मग मजा काय?’

या मजकुराचा सगळ्यात मोठा घोळ इथे आहे, कारण लिहिणाऱ्याने गोल्फ म्हणजे ड्राइव्ह, ड्रायव्हरने मारलेला लांब फटका, असं धरलंय. पार ७२ च्या, म्हणजे १८ होल मिळून ७२ फटके अपेक्षित असलेल्या कोर्सवर प्रत्येक होलला दोन पट (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, चेंडू होलकडे सरकवणारे फटके) गृहीत धरलेले असतात, म्हणजे ३६ फटके, अर्धा हिशोब, ग्रीनवरचा. ड्रायव्हर निघतो तो फार तर चौदाएक होलना. दोनशे मीटरचा देखणा फटका आणि अर्ध्या मीटरवरून चुकलेला पट, कार्डावर दोन्ही एकेकच.

आणि पटिंगला ताकद लागते कुठे? तिथे लागतो अंदाज. ग्रीनचा उतार कुठे आहे, होलजवळ चेंडूचा वेग किती उरेल, १०८ मिलिमीटर रुंदीच्या त्या होलच्या कुठल्या कडेने तो आत पडेल. लांब पट सगळ्यांचेच चुकतात. पहिला फटका होलच्या हातभर अंतरात आणून ठेवणं, हे शिकण्यासारखं कसब आहे. यात पन्नाशीचा माणूस पंचविशीतल्याच्या मागे राहण्याचं कारण नाही. १९०४ च्या ब्रिटिश हौशी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ट्रॅव्हिससमोर टेड ब्लॅकवेल होते, त्या काळचे नावाजलेले लांब फटकेवाले. ट्रॅव्हिस तेव्हा ४२ वर्षांचे होते, त्यांचे फटके आखूड होते, आणि पटरच्या (पट मारायच्या क्लबच्या) जोरावर ते जिंकले. म्हणून मी तर म्हणेन, सरावाचा निम्मा वेळ ग्रीनवर आणि ग्रीनच्या आसपास घालवा. रेंजवर मात्र बहुतेक जण नेमकं उलट करताना दिसतात.

सामान आणि व्यायाम

नियमाने पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. कमीत कमी किती, याचं बंधन नाही. एक पटर, एक सँड वेज (वाळूतून चेंडू काढायचा खूप तिरपा क्लब), सात आणि नऊ नंबरचे आयर्न आणि एक हायब्रिड (लांब फटक्यांसाठीचा, मारायला सोपा क्लब) एवढ्यावर सुरुवात छान होते, तीही वापरलेल्या क्लबवर.

व्यायामाचं म्हणाल तर १८ होल पायी खेळताना सहा-सात किलोमीटर सहज होतात, बरेचदा त्याहून जास्त, तेही चढउतारावर. स्वीडनमध्ये सुमारे तीन लाख गोल्फर्सच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्याच वयाच्या, लिंगाच्या आणि आर्थिक-सामाजिक स्तराच्या इतरांपेक्षा त्यांच्यातला मृत्युदर सुमारे ४० टक्के कमी निघाला. मुळात निरोगी माणसंच गोल्फकडे वळत असतील, त्यामुळे सगळं श्रेय खेळाला देता येणार नाही. पण ‘हा व्यायामच नव्हे’ म्हणणाऱ्याने एकदा पिशवी खांद्याला लावून अठरा होल चालावेत.

‘मागच्यांचा खोळंबा होतो’

खोळंबा होतो तो रेंगाळण्याने, आणि रेंगाळणारे अनुभवी खेळाडूही काही कमी नसतात. २०१९ पासूनच्या नियमांत हरवलेला चेंडू शोधायला तीनच मिनिटं मिळतात आणि फटका ४० सेकंदांत मारावा अशी शिफारस आहे. धोका नसेल तर जो तयार असेल त्याने आधी मारावं, यालाही प्रोत्साहन दिलंय. त्यात नवशिक्याने पुढच्या टीवरून (होलच्या जवळच्या सुरुवातीच्या जागेवरून) खेळावं आणि एखाद्या होलवर फटके फारच वाढले की चेंडू सरळ उचलून पुढे जावं. स्टेबलफोर्डमध्ये, म्हणजे दर होलला गुण देणाऱ्या खेळाच्या प्रकारात, तर हे अगदी नियमात बसतं. त्या होलचे गुण शून्य, बाकीचा खेळ शाबूत.

बरोबरीचं म्हणाल तर हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट, त्यासाठीच आहे. २०२० च्या जागतिक पद्धतीत कमाल हँडिकॅप इंडेक्स ५४ आहे, स्त्री-पुरुष दोघांनाही. म्हणजे ढोबळमानाने दर होलला तीन जादा फटके हिशोबात धरून नवशिका मुरलेल्या खेळाडूशी त्याच दिवशी, त्याच कोर्सवर सामना खेळू शकतो. पहिला हँडिकॅप मिळायला ५४ होलचे स्कोअर लागतात, आणि नऊ-नऊ होलच्या सहा फेऱ्यांतही ते भरतात.