‘ड्रिपलेस सील बसवा आणि विसरा’: या सल्ल्यातलं खरं किती?

इनबोर्ड बोटीत इंजिन आत असतं आणि पंखा (प्रोपेलर) बाहेर पाण्यात. त्यांना जोडणारा फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, बुडातल्या एका नळीतून, म्हणजे स्टर्न ट्यूबमधून, बाहेर जातो. तिथून पाणी आत येऊ नये म्हणून जुन्या पद्धतीत ग्लँड असतो, म्हणजे शाफ्टभोवती दाबून भरलेलं दोरीसारखं पॅकिंग, आणि नव्या पद्धतीत न ठिबकणारं ‘ड्रिपलेस’ सील. अशा बोटी चालवणाऱ्यांमध्ये एक सल्ला बराच फिरतो. त्याचा मजकूर साधारण असा: ‘जुना पॅकिंगचा ग्लँड म्हणजे बोटीच्या बुडाला आपणच पाडलेलं भोक. तो काढून ड्रिपलेस सील बसवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, अलाइनमेंटच्या (शाफ्ट आणि इंजिन एका रेषेत आणण्याच्या) भानगडीत पडायला नको, देखभाल शून्य. आणि पुढे कधी एक थेंब जरी दिसला, तरी सील खराब निघालं असं समजा.’

ड्रिपलेस सील चांगलंच असतं. बिल्ज (बोटीच्या तळातली पाणी साचण्याची जागा) कोरडं राहतं, फिरत्या शाफ्टवरून खारं पाणी इंजिनावर उडत नाही आणि पॅकिंगने शाफ्टवर चर पडत नाहीत. माझा आक्षेप सीलवर नाही, त्याच्यासोबत दिल्या जाणाऱ्या बेफिकिरीवर आहे.

पहिला मुद्दा, ‘ग्लँड म्हणजे भोक’. ग्लँड नीट बसवलेला असेल तर चालत्या शाफ्टवर तो मिनिटाला दोन-चार थेंब सोडतो आणि बोट उभी असताना जवळजवळ काहीच नाही. हिशेबासाठी पाच थेंब धरू. तासाला ३०० थेंब झाले. वीस थेंबांचा एक मिलिलिटर मानला तर तासाला १५ मिलिलिटर, म्हणजे आठ तास इंजिन चालवूनही चहाच्या कपाच्या आसपास पाणी. तेही वाया जात नाही, कारण त्यावरच पॅकिंग थंड राहतं. ग्लँड बिघडतो तेव्हा हळूहळू बिघडतो. थेंबांची धार होते आणि ती दिसते. फेस सील (ड्रिपलेस सीलचा नेहमीचा प्रकार) बहुतेक वेळा कोरडं असतं किंवा एकदम मोकळं होतं. पाण्याखाली अर्धा मीटर खोलीवरच्या २५ मिलिमीटर भोकातून मिनिटाला पन्नास लिटरहून जास्त पाणी आत येऊ शकतं. शाफ्ट आणि बेअरिंगमुळे प्रत्यक्षात वाट थोडी अडते, पण छोट्या बिल्ज पंपाची दमछाक व्हायला तेवढंही पुरे. आणि ‘रबर फाटून बोट बुडते’ ही भीती फक्त नव्या सीलच्या नावावर टाकणंही बरोबर नाही. बऱ्याच बोटींत जुना ग्लँडही स्टर्न ट्यूबला रबरी होजनेच जोडलेला असतो, आणि ती होज कोणी वर्षानुवर्षं पाहत नाही.

‘अर्ध्या दिवसाचं काम’ हा दावा सगळ्यात जास्त फसवतो, म्हणून इथे जरा थांबतो.

साधारण फेस सीलमध्ये दोन भाग असतात. रबरी बेलोच्या (घड्या असलेल्या लवचिक नळीच्या) टोकाला कार्बनचं कडं असतं. बेलो स्टर्न ट्यूबवर बसतो, म्हणून हे कडं फिरत नाही. त्याच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, स्टेनलेस स्टीलचा रोटर शाफ्टवर घट्ट बसतो आणि शाफ्टबरोबर फिरतो. बेलो दाबलेला असल्यामुळे कार्बन रोटरला टेकून राहतो, आणि त्या दोन सपाट पृष्ठांमध्ये पाणी अडतं. दोन्ही भाग अखंड कड्यासारखे आहेत, त्यामुळे ते शाफ्टच्या टोकावरूनच चढवावे लागतात. म्हणजे आधी कपलिंग, शाफ्टला गिअरबॉक्सशी जोडणारी चकती, निघायला हवं. सल्ला देणारा नेमकं हेच सांगत नाही. वर्षानुवर्षं खाऱ्या हवेत बसलेलं कपलिंग शाफ्टवर गंजून चिकटलेलं असतं. मग लोक हातोडा उचलतात, आणि तो मार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर बसतो. शाफ्टच्या आणि गिअरबॉक्सच्या कपलिंगच्या मध्ये शाफ्टपेक्षा थोडं बारीक सॉकेट ठेवून लांब बोल्ट सगळीकडून सारखे आवळत नेले, तर शाफ्ट बहुतेक वेळा मागे सरकतो. नाहीच सरकला तर कपलिंग कापून नवीन घ्यावं लागतं. शाफ्ट मागे सरकायला रडर (सुकाणू) आडवा येतो का, तेही आधी पाहायला हवं. आणि हे सगळं बोट पाण्याबाहेर काढूनच करायचं. (बेलो, रोटर, कपलिंग हा क्रम चुकला तर सगळं पुन्हा उघडावं लागतं. चुकणारे कमी नाहीत.)

कपलिंग निघालं की शाफ्टचा पृष्ठभाग. रोटरमधल्या ओ-रिंगना (रबरी कड्यांना) गुळगुळीत धातू लागतो, म्हणून जुन्या पॅकिंगने पाडलेले चर आणि गंज बारीक एमरी पेपरने घासून काढायचे. शाफ्टवरच्या किल्लीच्या (कपलिंग शाफ्टवर फिरू न देणाऱ्या पट्टीच्या) खाचेवर टेप लावायची, नाहीतर तिची धार ओ-रिंगला कापते. ओ-रिंग सरकवायला साबणाचं पाणी वापरावं. कार्बन आणि रोटरच्या पृष्ठांवर ग्रीस किंवा तेलाचं बोटही लागू द्यायचं नाही. स्टर्न ट्यूबवरचा बेलो स्टेनलेसच्या दोन होज क्लिपनी आवळायचा.

मग येते दाब देण्याची पायरी, आणि सील चालणार की गळणार ते बरंचसं इथेच ठरतं. कपलिंग जोडून शाफ्ट आपल्या जागी आल्यावर रोटर कार्बनला नुसता टेकवायचा, ती खूण धरायची आणि उत्पादकाच्या तक्त्यात शाफ्टच्या जाडीपुढे दिलेल्या अंतराएवढा तो मागे, म्हणजे कार्बनकडे, ढकलायचा. अंदाज इथे चालत नाही. इंजिन रबरी माउंटवर असेल तर पुढच्या गिअरमध्ये पंख्याचा जोर शाफ्टला पुढे ढकलतो, रोटर कार्बनपासून दूर जायला लागतो आणि दाब कमी होतो. कमी दाबलेलं सील बोट धक्क्याला उभी असताना कोरडं दिसतं आणि जोर दिला की गळतं. जास्त दाबलं तर कार्बन तापतो आणि लवकर झिजतो. शेवटी रोटरचे ग्रब स्क्रू, म्हणजे त्याला शाफ्टवर जखडणारे बिनडोक्याचे स्क्रू. प्रत्येक भोकात एकावर एक असे दोन, म्हणजे वरचा खालच्याला जखडून ठेवतो. एकदा आवळलेले स्क्रू पुन्हा वापरायचे नाहीत. टोकाची धार शाफ्टवर दबून जाते, मग पकड उरत नाही.

अलाइनमेंटचा दावा अर्धवट खरा आहे. बेलो लवचिक असल्यामुळे थोडा वाकडेपणा तो सहन करतो. गिअरबॉक्सची बेअरिंग आणि पाण्याखालचं शाफ्टचं बेअरिंग मात्र सहन करत नाहीत. शाफ्ट थरथरला तर कार्बन आणि रोटरमधली फटही उघडते-मिटते. दोन कपलिंगमधल्या फटीत, कपलिंगच्या व्यासाच्या प्रत्येक इंचामागे, जास्तीत जास्त इंचाचा एक हजारांश एवढा फरक, फीलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) तपासून, हा नेहमीचा निकष. बोट पाण्यात उतरली की तिचं बूड किंचित आकार बदलतं, म्हणून हे माप पाण्यात, बोट एखादा दिवस स्थिरावल्यावर घ्यायचं.

‘देखभाल शून्य’ हे तर मुळीच पटणारं नाही. काम कमी वेळा येतं, पण चुकवून चालत नाही. बोट दरवेळी पाण्यात उतरल्यावर स्टर्न ट्यूबमध्ये हवा अडकते आणि सील कोरडं चालतं. म्हणून कार्बन हाताने मागे ओढून पाणी उसळेपर्यंत हवा सोडायची. बारा नॉटच्या वर धावणाऱ्या बोटीत वेगामुळे ट्यूबमधलं पाणी ओढलं जातं, त्यामुळे इंजिनाच्या कूलिंगच्या पाण्याची एक नळी सीलला द्यावी लागते. सावकाश चालणाऱ्या बोटीला बहुधा जलरेषेच्या बऱ्याच वर नेलेली हवेची नळी पुरते. तिचं तोंड जलरेषेखाली राहिलं तर तिथूनच पाणी आत येईल. बेलो वयानुसार बदलायचा असतो, आणि बरेच उत्पादक पाच-सहा वर्षांची मुदत देतात. वरून तो धडधाकट दिसला तरीही. शाफ्ट स्टेनलेसचा असेल आणि बोट महिनोन् महिने उभी राहत असेल, तर बंद ट्यूबमधल्या साचलेल्या, ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात स्टेनलेसला खड्डे पडू शकतात. अधूनमधून इंजिन चालवून ते पाणी हलवावं.

आणि ‘एक थेंब दिसला की सील खराब’? नवीन कार्बन आणि रोटरची पृष्ठं एकमेकांत बसायला थोडे तास लागतात. तोवर बारीक तुषार किंवा थोडं पाझरणं होतं. कार्बनची काळी भुकटी आसपास दिसली तरी घाबरायचं कारण नाही. थेंब दिसला म्हणून लगेच रोटर आणखी ढकलणारे स्वतःच सील बिघडवतात. पाझरणं थांबलंच नाही, तर आधी पृष्ठांमध्ये घाण अडकली आहे का पाहा, मग दाब मोजा.

कोरड्या बिल्जची सवय झाली की कोणी आत डोकावत नाही. म्हणून पाणी वाढल्याची सूचना देणारा भोंगा आणि स्वयंचलित पंप हे सीलबरोबरच बसवावेत. रोटरच्या पुढे शाफ्टवर एक घट्ट कॉलर लावली, तर ग्रब स्क्रू ढिले झाले तरी रोटर इंजिनाकडे सरकू शकत नाही. आणि तरीही कधी पाण्याची धार आलीच, तर आधी इंजिन बंद करून शाफ्ट थांबवा. सरकलेला रोटर हाताने परत कार्बनला टेकवून आवळता येतो. बंदर गाठेपर्यंत जुने स्क्रूही धकतात. त्यासाठी लागणारी अॅलन की सीलजवळच दोरीने बांधून ठेवा, हत्यारांच्या पेटीत नको.