रात्री साडेअकराचा बिलावल

रात्री साडेअकराला दाराची बेल वाजवून कोणी "तुझा गंधार चढतोय" म्हणून सांगेल, अशी अपेक्षा सदाशिव पेठेतसुद्धा कोणी करत नाही. आम्ही तर कोथरूडला राहतो.

झालं होतं इतकंच. माझ्या जुन्या डेस्कटॉपवर रात्री बॅकअप चालतो, तो संपला की कळावं म्हणून चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. बाहेरचे स्पीकर मुलीने तिच्या खोलीत पळवलेले, म्हणून कॅबिनेटच्या आतला टिचभर बझर कामाला लावला. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीपासून हा प्राणी आत बसलेला आहे. हल्ली लिनक्सच्या बऱ्याच आवृत्त्या त्याला आधीच काळ्या यादीत टाकून ठेवतात. म्हणजे यंत्र तुमचं, वीजबिल तुमचं, आणि 'पीं' करायला परवानगी मात्र 'रूट', म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, होऊन काढायची! असो. टायमर चिपचं घड्याळ सेकंदाला ११,९३,१८२ ठोके देतं. त्याला हव्या त्या कंपनसंख्येने भागायचं आणि येणारा आकडा चिपला द्यायचा, की स्वर वाजतो. मी सा २४० वर धरला, सप्तकाचे पेटीसारखे बारा समान भाग पाडायचे म्हणून पुढचा प्रत्येक अर्धस्वर १.०५९५ ने गुणत काढला आणि बॅकअप संपल्यावर सा रे ग म प ध नी सा लावून दिलं.

दारात खालच्या मजल्यावरचे काका. लेंगा, बनियन, वर शाल. एक हात कानावर, दुसरा हवेत सा धरून ठेवलेला.

"वाजतंय काय ते?"

"कॉम्प्युटर, काका. बॅकअप झाला की..."

"ते राहू दे. गंधार चढा आहे."

"किती चढा?" मी खवचटपणे विचारलं.

"एवढा." त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यात सुपारी मावेल इतकं अंतर दाखवलं.

आता, शुद्ध गंधार साच्या सव्वापट. २४० चे ३००. माझा वाजत होता ३०२.४. फरक अडीचसुद्धा नाही, आणि तो या माणसाने स्लॅबमधून ऐकला! ज्या कानांना जिन्यात "काका, मेन्टेनन्स राहिलाय" हे गेल्या दिवाळीपासून ऐकू येत नाही, तेच हे कान.

"पण काका, तुमच्या पेटीचा गंधारही असाच चढा असतो," मी म्हणालो. "या असल्या स्वरांवरूनच ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती. उठायला १९७१ उजाडलं."

"म्हणून तर मी गंधारावर थांबत नाही," काका म्हणाले. "तुझं यंत्र थांबतं."

यावर काय बोलणार?

"आणि रात्री बिलावल? सकाळचा राग आहे तो."

"राग नाही हो, नुसते स्वर आहेत."

"सातही शुद्ध. बिलावल थाटच झाला की. एवढ्या रात्री?"

"बॅकअप रात्रीच संपतो, काका."

"मग मालकंस लाव."

आणि दारातच, माझंच पेन आणि माझ्याच दूधवाल्याचं बिल घेऊन, निवृत्त ऑडिटरच्या सफाईने त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूवर मांडलं: सा २४०, कोमल ग २८८, म ३२०, कोमल ध ३८४, कोमल नी ४३२. ऋषभ-पंचम वर्ज्य, हे खाली दोन रेघा मारून.

"मींड कशी घेतोस? एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत कसा जातोस?"

"घेत नाही. सुटे स्वर लावलेत, तेही चौकोनी लहरीचे."

"चौकोनी?" एवढंच म्हणून ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. याच काकांच्या खिडकीसमोर गणपतीत भिंतीएवढे स्पीकर उभे राहतात. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांतच आहे. पण वर्गणी मागायला आलेल्या पोरांना गंधाराबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. काका तर मुकाट्याने पावती घेतात, कानात कापूस घालतात आणि झोपतात. त्या भिंतीतून येणारी धडधड कुठल्या थाटात बसते, हे त्यांनी दहापैकी एकाही रात्री खाली जाऊन विचारलेलं नाही. पोलिसांना फोन तर सोडाच. तक्रारीला माणूस कसा हवा, तर एकटा, चपलेविना दार उघडणारा, दुसऱ्या दिवशी जिन्यात पुन्हा भेटणारा आणि तरीही नमस्कार करणारा. सोसायटीत असा मीच सापडतो. गच्चीत चपला वाळत ठेवल्या तेव्हाही मीच सापडलो होतो, आणि त्या चपला माझ्या नव्हत्याच.

"बरं, निदान आवाज तरी कमी कर," काका म्हणाले.

"कमी होत नाही, काका. आवाजाची सोयच नाही त्याला. चालू, नाहीतर बंद."

"मग बंद."

आणि जिना उतरायला लागले. उतरताना मालकंस गुणगुणत होते, तोही असा खड्या आवाजात, की आतून बायकोने विचारलं, "अजून संपला नाही का तुमचा बॅकअप?"