गेटवरची जोडी

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीन आठवडे भांडण चाललंय. पुनर्विकासात बिल्डरने गेटच्या दोन्ही अंगांना दगडी सिंह बसवले, चिनी धाटणीचे. "ही चिनी कुत्री आमच्या दारात नकोत," असं एका काकांनी लिहिलं आणि त्यावर धडाधड अंगठे पडले. मी एवढंच लिहिलं की काका, ते सिंह आहेत आणि त्यांची कल्पना आपल्याकडूनच तिकडे गेली. उत्तर आलं, "तू हाँगकाँगला राहतेस, तुला ते आपलेच वाटणार."

ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही.

चीनमध्ये सिंह नव्हताच. तिथल्या हान सम्राटांच्या दरबारात तो नजराणा म्हणून पोचला, इ.स. ८७मध्ये पार्थियाहून, म्हणजे प्राचीन इराणहून, सिंह आल्याची नोंद चिनी इतिहासात आहे. पण दारात बसून राखण करणारा सिंह तिथे रुजला तो बौद्ध धर्माबरोबर. बुद्ध म्हणजे शाक्यसिंह, त्याचा उपदेश म्हणजे सिंहनाद, त्याची बैठक म्हणजे सिंहासन. हे शब्द मला कुणी फोड करून सांगावे लागत नाहीत, इथल्या माझ्या शेजारणीला सांगावे लागतात. बोधिसत्त्व मंजुश्री तिकडे वेन्शू झाला, तरी वाहन सिंहच राहिलं. जन्मात सिंह न पाहिलेल्या पाथरवटांनी तो मूर्ती बघून, वर्णनं ऐकून घडवला. म्हणून आयाळीचे गोल गोल झुपके झाले आणि तोंडवळा कुत्र्याकडे झुकला. शिवनेरीच्या दरवाज्यावरचा शरभ तरी कुणी रानात पाहिलाय? त्याला कुणी नावं ठेवत नाही.

इथे हाँगकाँगमध्ये आमच्या इमारतीखाली, मिनीबसच्या स्टॉपला लागून छोटं देऊळ आहे. दारात अशीच जोडी. आत शिरताना उजव्या हाताला नर, पंजाखाली चेंडू. डाव्या हाताला मादी, पंजाखाली उताणं पडलेलं पिल्लू. नराच्या तोंडात लिंबाएवढा दगडी गोळा आहे. तो बाहेर निघत नाही, कारण तो नंतर घातलेलाच नाही. त्याच दगडात, दातांच्या फटीतून छिन्नी चालवून आतल्या आत सुटा केलाय. माझी मुलगी शाळेला जाताना बोट घालून तो एकदा फिरवते, खर्रर आवाज येतो, मग बस पकडते. पिल्लाचं डोकं लोकांचे हात लागून लागून तुळतुळीत झालंय. तू कुठली, तुझा इथे काय संबंध, असं तिला त्या देवळाच्या दारात कुणी विचारलेलं नाही.

आणि इथल्या सेंट्रल भागात एचएसबीसी बँकेपुढचे ते दोन ब्राँझचे सिंह, स्टीफन आणि स्टिट. १९३५चे, इंग्रज साहेबांची नावं मिरवणारे. युद्धात जपान्यांनी ते वितळवायला नेले होते, तिथून परत आणले. अंगावरच्या लढाईच्या खुणासुद्धा बुजवल्या नाहीत. परक्याने ठेवलेली वस्तू शहर अशी आपली करून घेतं, हे मी ग्रुपवर लिहिलं.

जे लिहिलं नाही ते असं, की घर शोधताना दोन मालकांनी भारतीय भाडेकरू नकोत म्हणून तोंडावर सांगितलं होतं. काकांपुढे ते लिहायला हात धजला नाही.

कार्ल्याचंही अर्धंच लिहिलं. एकवीरा आमची कुलदेवी. दरवर्षी आजीचं बोट धरून त्या पायऱ्या चढले. देवीच्या शेजारीच बौद्ध चैत्यगृह आणि त्याच्या दारात सिंहस्तंभ, सुमारे २००० वर्षांपूर्वीचा. वर चार सिंह पाठीला पाठ लावून बसलेत. महारठी अग्निमित्रणकाने हा खांब दान दिला, असं त्यावर ब्राह्मीत कोरलंय: 'सिहथभो दानं'. इतक्या वर्षांत मी एकदाही मान वर करून तो पाहिला नव्हता. आजीचं लक्ष नारळ-ओटीकडे, माझं सरबताकडे. हाँगकाँगच्या देवळातल्या त्या सिंहामुळे वाचायला लागले, तेव्हा परदेशात बसून मला कार्ल्याचा खांब कळला. गेल्या दिवाळीत मुलीला घेऊन गेले. तिने विचारलं, यांच्या तोंडात गोळा आहे का? खालून दिसत नव्हतं.

काल जोडी काढण्यावर मतदान झालं. फ्लॅट माझ्या नावावर आहे, म्हणून मीही मत दिलं. भावाने वेगळा मेसेज केला, "ताई, तू इथे राहत नाहीस, कशाला मध्ये पडतेस?"

त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. ती जोडी मला तिथे हवी आहे. सुट्टीत येते तेव्हा नवा वॉचमन मला वही पुढे करतो, आणि 'कोणाकडे' या रकान्यात मी माझ्याच घराचा नंबर लिहिते.