ओटीपी सुरतला गेला

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. लांबेल. कंटाळा आला तर सरका पुढे.

भाचीचं बोनाफाईड हवं होतं म्हणून सकाळी गावी गेलो. शाळा तीच, जिल्हा परिषदेची, जिथे मी शिकलो. द्विशिक्षकी. बाई प्रशिक्षणाला गेलेल्या. गुरुजी सापडले बाहेर, निंबाच्या ओट्यावर, हात वर करून मोबाईल धरलेला. गावात रेंज येते ती तेवढ्याच जागी. आत चार वर्गांची पोरं एका खोलीत. दुसरीतला एक पोरगा फळ्यावरची तारीख वहीत उतरवत होता. तारीख कालची.

गुरुजी, काय चाललंय? तर म्हणे अपार आयडी, म्हणजे केंद्राने काढलेला विद्यार्थ्याचा देशभर चालणारा एकच नंबर. एका पोराचं नाव शाळेच्या जनरल रजिस्टरला एक, आधारवर दुसरं. फरक एका इंग्रजी अक्षराचा. नाव जुळल्याशिवाय आयडी निघत नाही, आणि आयडी निघेपर्यंत शिक्षकांच्या ग्रुपवर रोज यादी येते, कोणत्या शाळेचे किती बाकी. पोराची आई तिथेच उभी, शेतातून तशीच आलेली. मला म्हणाली, "भाऊ, पोऱ्या तं तोच शे ना?"

पोऱ्या तोच आहे, माय. पण दिल्लीला तो पटत नाही.

मी चौथीत असताना वेचणीच्या दिवसांत आठ दिवस शाळेत गेलो नाही. नवव्या दिवशी गुरुजी सायकल घेऊन थेट वावरात. मला वाटलं आता बसतो मार. त्यांनी धोतराचा ओटा केला, माझ्या शेजारच्या तासाला लागले आणि कापूस वेचता वेचता एकोणतीसचा पाढा म्हणवून घेतला. एकोणतीस सत्ते दोनशे तीनला अडलो तर म्हणाले, थांब, आधी ते बोंड नीट वेच. दुसऱ्या दिवशी मी शाळेत होतो.

आजचे गुरुजी जाऊ शकतील का वावरात? गेले तर आधी फोटो काढून ॲपवर टाकतील. टाकावाच लागेल बिचाऱ्यांना.

आता काही जण म्हणतील, शिक्षण राज्याचं, दिल्लीला कशाला शिव्या? तर 1976 च्या 42व्या घटनादुरुस्तीने शिक्षण केंद्र-राज्य दोघांच्या समवर्ती सूचीत गेलं, म्हणजे दिल्लीनेही खांदा द्यायचा असं ठरलं. (खांदा नेमका कोणत्या अर्थाने, हे आताशा कळत नाही.) शाळांसाठीच्या समग्र शिक्षा योजनेत आपल्याकडे शंभरातले साठ त्यांचे, चाळीस राज्याचे. साठ देणारा हिशेब मागणारच, मान्य. आणि 2011 च्या पटपडताळणीत बोगस पट, म्हणजे कागदावरचीच पोरं, कशी सापडली होती, तेही विसरलेलो नाही. पण हिशेब कोणी लिहायचा? वर्गावरच्या मास्तरने? एक कारकून द्या ना दहा शाळांना मिळून! शिक्षण हक्क कायदा 2009 चा, संसदेनेच केलेला. त्याचं कलम 27 म्हणतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देऊ नका. कायदा त्यांचा, माहिती भरायच्या लिंकाही त्यांच्याच.

कोठारी आयोग 1966 मध्ये सांगून गेला, राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर घाला. 2020 च्या धोरणात पुन्हा तेच सहा टक्के. आमच्याकडे उधारीवाला दर दिवाळीला "पुढच्या हंगामाला नक्की" म्हणतो, तसलं. माझ्या करावर मात्र चार टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर न चुकता कापला जातो. त्याला कुठली रेंज लागत नाही.

आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशी! केंद्राच्या योजनेत त्यांचं मानधन 2009 ला ठरलं, महिना 1000 रुपये, तेही वर्षातले दहाच महिने. दिल्लीने तो आकडा हलवलाच नाही. राज्याने पदरचे घालून वाढवलं, ते वेगळं. धुरात बसून शंभर पोरांचं रांधायचं. आपल्यातलं कोण बसेल? मी तर नाही.

जाऊ दे. खोल्या सर्व शिक्षा अभियानातून झाल्या, पोरींचं स्वच्छतागृह झालं, नाही म्हणत नाही. माझ्या वेळी पाऊस आला की आम्ही मारुतीच्या देवळात बसायचो. पण खोली बांधली आणि मास्तरला ओट्यावर उभं केलं, तर त्या खोलीत शिकवायचं कोणी? त्या जुन्या गुरुजींना पट पाठ होता. पोरगा कुणाचा, बाप कुठे, वेचणी कधी उरकते, सगळं. त्यांचं सॉफ्टवेअर म्हणजे ती सायकल.

हे गुरुजीही वाईट नाहीत हो. मला बघून ओशाळले. म्हणाले, "सर, आज गणिताचा तास घ्यायचा होता." मी कसला सर! बोनाफाईड राहिलं बाजूला, मीच आत जाऊन पोरांना पाढे म्हणायला बसवलं. तारीख उतरवणाऱ्याला सतराचा येतो, खडाखडा.

तेवढ्यात गुरुजींची हाक आली. आधारची प्रत काढायची होती, कार्डावरचं अक्षर पुसलेलं. ओटीपी गेला बापाच्या नंबरवर, आणि बाप सुरतला, लूमवर. मी माझ्या मोबाईलवरून फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला. रातपाळी करून झोपला होता बिचारा. डोळे चोळत आकडे वाचून दाखवले, तोवर मुदत संपली. दुसरा मागवला. तो येईपर्यंत मधल्या सुट्टीची घंटा झाली.