विनामूल्य, पण माणशी दोनच

प्रवेशिका मोफत आहेत असं ज्या माणसाने छापलं, त्याला एकदा रविवारी पहाटे साडेसहाला त्या रांगेत उभं करायला हवं.

झालं असं, की एका सराफी पेढीची दिवाळी पहाट. प्रवेशिका नाट्यगृहावर, सकाळी आठपासून, माणशी दोन. आम्ही घरात पाच जण, म्हणजे रांगेला तीन माणसं हवीत. नवऱ्याला रविवारी सकाळी सातला 'कॉल' निघाला. सासू-सासऱ्यांना उभं करणं शोभत नाही. राहिलो मी आणि पाचवीतली लेक.

पोहोचलो तर गेटवर जेमतेम आठ माणसं. मी मनातल्या मनात खूश होऊन नववी उभी राहिले.

"यादीत नाव आहे?"

आवाज खालून आला. घडीच्या स्टुलावर एक काका बसले होते. ऑक्टोबरच्या उकाड्यात अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, मांडीवर दोनशेपानी वही आणि वहीला दोऱ्याने बांधलेलं बॉलपेन.

"कसली यादी?"

"मग तुम्ही रांगेत नाही."

"मी उभी आहे की!"

"उभ्या असाल. रांगेत नाही."

त्यांनी वही उलटी करून माझ्यासमोर धरली. उभ्या रेघा मारलेल्या, लाल शाईत रकाने: क्रमांक, नाव, माणसे, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात कुठे 'चहा', कुठे 'येतो म्हणाले', एका ठिकाणी नुसतंच 'संशयास्पद'. माझा नंबर 64.

"अहो पण इथे आठच माणसं आहेत!"

"आठ दिसतायत. बाकीचे घरी आहेत."

"घरी असलेला माणूस रांगेत कसा?"

"त्याचं नाव आहे ना." हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की क्षणभर मलाच माझ्या तिथे असण्याची शंका आली.

"तुम्हाला हे काम आयोजकांनी दिलंय का?"

"छे! आयोजकांवर सोडलं तर गोंधळ होईल." मग लेकीकडे बघून, "हिचं वय?"

"दहा."

"अर्धी धरतो."

"म्हणजे हिला एकच प्रवेशिका?"

"धोरण ठरायचंय अजून."

धोरण ठरेपर्यंत दीड तास काढायचा होता, म्हणून विचारलं, गाणार कोण आहे? काका म्हणाले, "कल्पना नाही. मी जात नाही. पहाटे उठवत नाही मला."

घड्याळात सहा चाळीस झाले होते.

"मग आत्ता कसे उठलात?"

"ही रांग आहे," काका म्हणाले.

तिथून त्यांनी मला वर्षाचं वेळापत्रक सांगितलं. डिसेंबरात कॅलेंडरं, बँकेत ठेव असेल तर बारा पानी, नसेल तर एक पानी, आणि तेही काउंटरवरची बाई वर-खाली बघून देणार. फेब्रुवारीत मुंबईला काळा घोडा कला महोत्सव, 1999 पासून चालू आहे, प्रवेश फुकट, गाडीभाडं तेवढं आपलं. उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमाला. "न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केली. विषय काहीही असो, पंखा बघून बसायचं." आणि 18 एप्रिलला जागतिक वारसा दिन, त्या दिवशी पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंना तिकीट नाही. "पंधराच्या आतल्या मुलांना तर वर्षभरच नाही. हिची पाच वर्षं शिल्लक आहेत. वाया घालवू नका."

आता ह्यांना कसं सांगू, की आम्ही तेही करून बसलोय. पंचवीस रुपयांचं तिकीट वाचवायला 18 एप्रिलच्या टळटळीत दुपारी शनिवारवाडा! 1828 च्या आगीत आतला वाडा जळून गेला. उरली ती तटबंदी, जोती आणि कारंज्याचे हौद. सावली म्हणाल तर दिल्ली दरवाज्याखाली, आणि तिथे आमच्यासारखीच सगळी फुकटी कुटुंबं दाटीवाटीने उभी. वाचलेल्या पैशांच्या दुप्पट उसाचा रस प्यालो. लेकीने इतिहासाबद्दल एकच प्रश्न विचारला, "पेशवे दुपारी कुठे बसायचे?"

पण करायचं काय? चौघा-पाचांनी सिनेमाला जायचं तर मध्यंतरातल्या मक्याच्या लाह्यांचा भाव ऐकून पुढची गोष्ट कळत नाही. बागेत न्यावं, तर सुट्टीतल्या दुपारी, नेमकी पोरं घर डोक्यावर घेतात तेव्हाच, बागेला कुलूप. सुट्टी मुलांना आणि बागेची वेळ सकाळी फिरणाऱ्या पेन्शनरांची. मॉलमध्ये पैसे न देता बसायला बाक नाही. शहरात पोरांना घेऊन दोन तास नुसतं बसायचं तर जागा विकत घ्यावी लागते. आणि फुकट मिळतं त्यावर कुणाचा तरी फोटो असतो. आमच्याकडे यंदा उटण्याची पाच पाकिटं आली. आपल्या तोंडाला लावायचं उटणं, त्यावर हसतं तोंड भावी नगरसेवकाचं! रस्त्यातला खड्डा गेल्या दिवाळीपासून तसाच आहे. अंगण नाही, पणत्या लावायला कठडा नाही, पण अभ्यंगस्नानाची सोय मात्र पक्षाने केलेली आहे.

असो. साडेसातला काकांना चहाची तल्लफ आली. त्यांनी गर्दीवर एक नजर टाकली, एकही मोठा माणूस भरवशाचा वाटला नसावा, आणि वही माझ्या लेकीच्या हातात दिली. पुढची वीस मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. शाळेत वर्गप्रमुख होता न आल्याचं सगळं दुःख तिने तिथे भरून काढलं. एका धिप्पाड गृहस्थांना तिने परत पाठवलं. दोन आज्यांना 'शेरा' मिळाला. मी हळूच म्हटलं, "अगं, आपलं नाव जरा वर घे ना." तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पेन वर करून म्हणाली, "मागे व्हा."

आठ वाजता पेढीचा पोरगा आला. त्याने यादी पाहिलीही नाही. "एक लाइन करा!" म्हणाला आणि टेबल नेमकं दुसऱ्या गेटला मांडलं. मग काय, घरी असलेले सगळे जण रिक्षातून उतरले, उभे असलेले पळाले. काका वही छातीशी धरून "क्रमाने! क्रमाने!" ओरडत राहिले. मला त्या क्षणी त्यांचीच बाजू पटली. निदान त्यांच्याकडे काही पद्धत तरी होती.

पोराने फॉर्म दिला. नाव, मोबाइल नंबर, लग्नाचा वाढदिवस, मागच्या वर्षीची सोनेखरेदी. मी 'नाही' लिहिलं तसा त्याचा चेहरा पडला. लेक पूर्ण माणूस धरली गेली, म्हणून चार प्रवेशिका हाती आल्या. त्यावर बारीक अक्षरांत: पहिल्या दहा रांगा निमंत्रितांसाठी राखीव, प्रवेशिका असली तरी प्रवेशाची हमी नाही. मग ही नक्की कशाची प्रवेशिका? त्या दिवसापासून पेढीतली एक गोड आवाजाची मुलगी रोज दुपारी दोनला फोन करते. सुवर्णबचत योजना, अकरा हप्ते तुम्ही भरा, बारावा आमचा.

प्रवेशिका चार आणि माणसं पाच. रात्री जेवताना लेकीने वहीचं पान फाडलं, रेघा मारल्या, रकाने आखले. आजोबा एक, आजी दोन, ती स्वतः तीन. चौथ्या नंबरावर कॉलवाले बाबा. "त्यांना गाणं आवडतं," असा शेरा. नवरा वरणभात कालवत गप्प. सासूबाई म्हणाल्या, "नाहीतरी त्या दिवशी चकलीची भाजणी मळायला कुणीतरी घरी हवंच."

चकल्या मी करणार नाहीये. विकतच्या आणणार आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातून, घासाघीस न करता, तो म्हणेल त्या भावाने.